जोंधळ्यातलं इंग्रजी

जोंधळ्याच्या कणसात दूध भरायला लागलं की माझ्या पोटात गोळा येतो. बाकीच्यांना या दिवसांत हुरडा आठवतो, आगटीचा धूर आठवतो, गूळ, लसणाची चटणी, पुण्याहून गाड्या घेऊन येणारे पाहुणे. हुरडा मलाही आवडतो, नाही कशाला म्हणू. पण डोक्यावर गेलेला जोंधळा वाऱ्यानं सळसळला की आधी माझ्या तळपायांना घाम सुटतो आणि मग तोंडात आपोआप इंग्रजी येतं. आय गो, आय वेंट, आय हॅव गॉन. घरात याची थट्टा होते. होऊ दे बापडी.

आज सकाळपासून तर मी धड चहासुद्धा घेतलेला नाही. काल प्रणिता मॅडमनी शाळेच्या व्हरांड्याची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि त्या पुण्याला गेल्या, नवऱ्याची बदली झाली म्हणून. जाताना एवढंच म्हणाल्या, की कमलताई, आता वर्ग तुमचा. वर्ग म्हणजे मोठ्या माणसांचा इंग्रजीचा वर्ग, दिवस कलल्यावर भरणारा. तो आज संध्याकाळी मी घ्यायचा होता, पहिल्यांदाच. अंगणवाडीतली लेकरं मी दिवसभर सांभाळते, त्यांचं काही वाटत नाही. लेकरं रडतात, शेंबूड पुसून घेतात, मांडीवर झोपतात. मोठी माणसं यातलं काही करत नाहीत, ती नुसती बघतात. बघणाऱ्या माणसांची मला फार धास्ती आहे.

ही धास्ती आजची नाही. कॉलेजात असताना आमचे इंग्रजीचे सर एकेकाला उभं करून धडा वाचायला लावायचे. माझा नंबर जवळ यायला लागला की मी पुढच्या ओळी मोजून ठेवायचे, आपल्या वाट्याला कोणती येते ते बघून मनात घोकायचे, आणि उभी राहिले की घोकलेलं सगळं जायचं. पुस्तकावरची अक्षरं दिसायची, पण तोंडाला कोरड. मागच्या बाकावरून खसखस ऐकू यायची. सर वाईट नव्हते, ते नुसते खिडकीबाहेर बघत थांबायचे. ते थांबणंच मला खाऊन टाकायचं. बारावीच्या पेपरात तसंच झालं, आणि इंग्रजी तेवढं राहिलं. मग उन्हाळ्यात लग्न झालं, आणि राहिलं ते राहिलंच.

आमचं गाव सोनारीच्या अलीकडं, परंड्याच्या वाटेवर. आमची वस्ती गावाबाहेर, रानात. घरी मेंढरं. आमचे हे दिवाळी झाली की मेंढरं घेऊन बाहेर पडतात, ते पावसाळ्याच्या तोंडाला परततात. आज या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, उद्या त्या रानात. मागं मी, सासूबाई आणि दारातलं कुत्रं. गावातल्या अंगणवाडीत मी मदतनीस होते. मदतनीस म्हणजे झाडून काढायचं, पाणी भरायचं, खिचडी शिजवायची, झोपाळलेल्या लेकराला त्याच्या घरून काखोटीला मारून आणायचं, आणि सेविकाबाई शिकवत असल्या की मागं उभं राहायचं. मागं उभं राहून राहून मला त्यांची सगळी गाणी पाठ झाली होती. लेकरं गाण्यात अडली की माझ्याकडं बघायची.

ती सेविकाबाई, मोठ्या बाई म्हणायचो आम्ही त्यांना, मी इंग्रजीच्या वर्गाला लागले त्या वर्षी निवृत्त व्हायच्या होत्या. त्यांच्या जागी मदतनिसाला घेतात, पण ती बारावी पास पाहिजे. माझं इंग्रजी राहिलेलं. ते सुटलं तर अंगणवाडी माझी. नाही सुटलं तर बाहेरून कुणीतरी नवी पोरगी सेविका म्हणून येणार आणि मी केस पांढरे होईपर्यंत तिच्या मागं उभी राहणार. मोठ्या बाईंनीच मला हे एका दुपारी भांडी घासताना सांगितलं आणि वर म्हणाल्या, "कमल, माझी लेकरं परक्या हातात देऊ नको बघ." त्यांना काय जातं म्हणायला! मी हातातलं पातेलं तसंच धरून बसले. मार्चमध्ये पेपर, म्हणजे हातात एक हिवाळा.

प्रणिता मॅडम सोलापूरकडच्या. गावात सून म्हणून आल्या होत्या, आणि तिकडं मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायचं कामच करत होत्या म्हणे. संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात वर्ग घेते, असं त्यांनी सांगितलं तेव्हा मला वाटलं, फळा असेल, वही असेल, आपण कोपऱ्यात बसू आणि उतरून घेऊ. पहिल्या दिवशी गेले तर फळ्याला पाठ करून त्या अंगणात वाकलेल्या, हातात रांगोळीचा डबा. जमिनीवर त्यांनी एकापुढं एक अशी तीन घरं आखली होती, पोरी फरशीचा तुकडा फेकून उड्या मारतात तशी. मागचं घर कालचं, मधलं आजचं, पुढचं उद्याचं. तुकडा ज्या घरात पडेल त्या घरात उडी मारायची आणि त्या घरातलं वाक्य बोलायचं. मी जेवते. मी जेवले. मी जेवेन. सगळं इंग्रजीत.

आम्ही चौघं-पाचजण होतो. पारूकाकू होत्या, वयानं सगळ्यांत मोठ्या, ज्यांची नातवंडं फोनवर इंग्रजीत बोलायची आणि काकू नुसतं व्हय व्हय करायच्या. दत्ताभाऊ होता, टेम्पो चालवायचा, त्याला ड्रायव्हर म्हणून दुबईला जायचं होतं. तो खांबाच्या आडोशाला उभा राहायचा आणि नाव पुकारलं की आणखी आड सरकायचा. आम्ही सगळे त्या तीन घरांकडं बघत उभे राहिलो. साडी नेसलेल्या बाईनं गावासमोर एका पायावर उडी मारायची म्हणजे काय गंमत आहे का? समोरच पारावर माणसं बसलेली. मला तर पळून जावंसं वाटलं. वहीत चुकलं तर वही मिटता येते. इथं आपलं अख्खं शरीर चुकणार आणि ते सगळ्यांना दिसणार.

लोक म्हणतात, खेळातून शिकवलं की भीती जाते. मी सांगते, आधी ती दुप्पट होते. मोठ्या माणसाला खेळायला लावणं ही काही साधी गोष्ट नाही. लेकराला पडायची लाज नसते, आपण पडलो तर आठवडाभर गावात चर्चा. मॅडमना हे ठाऊक असावं. त्यांचा एकच नियम होता, चुकलेल्याला हसायचं नाही, टाळी द्यायची. आणि पहिली उडी त्यांनी स्वतः मारली, पाय घसरून रांगोळीत बसल्या, हात झटकून उठल्या आणि आमच्यापुढं टाळीसाठी हात धरला. पारूकाकूंनी टाळी दिली आणि पदर खोचला. "चला मॅडम," त्या म्हणाल्या, "आता मी मेले तरी बेहत्तर." आणि आजच्या घरात थाडकन उतरल्या.

मला उडी मारायला बरेच दिवस लागले. मी कडेला उभी राहून सगळ्यांची वाक्यं ओठांतल्या ओठांत म्हणायचे. मॅडमनी कधी ओढलं नाही. खेळ बदलत गेल्या फक्त. एकदा गजगे, म्हणजे सागरगोटे, आणले, एक उडवला की एक रूप, दुसरा झेलला की दुसरं, गो, वेंट, गॉन, आणि गजगा खाली पडला की डाव गेला. गजगे मला लहानपणापासून येतात, हात आपोआप चालायला लागला आणि हाताच्या मागून तोंड. एकदा आम्हा प्रत्येकाच्या गळ्यात एकेक शब्दाची पाटी अडकवली. ओळीत उभं राहिलो की वाक्य व्हायचं, आणि मॅडमनी टाळी वाजवली की त्याचा प्रश्न करायचा. मग पारूकाकू, ज्यांच्या गळ्यात 'इज' होतं, त्यांनी धापा टाकत ओळीच्या तोंडाशी पळायचं. त्या पळताना म्हणायच्या, मलाच मेलीला का सारखं पळायला लावता. सगळे हसायचे, मीही हसायचे, आणि हसता हसता माझ्या ध्यानात यायचं की आता माझा नंबर आहे. की मी लगेच कडेला सरकायचे.

त्याच दिवसांत बिबट्याची बातमी आली.

आधी कुणाचं तरी वासरू गेलं. मग एकानं ओढ्याच्या वाळूत पंजे पाहिले. मग फॉरेस्टवाले आले, त्यांनी झाडाला कॅमेरा बांधला आणि अंधाराचं एकटं फिरू नका, लहान पोरांना रानात नेऊ नका, असं सांगून गेले. सांगायला काय जातंय, जोंधळा माणसाच्या डोक्यावर गेलेला आणि आमची वस्ती त्या जोंधळ्याच्या पलीकडं. शाळेपासून घरापर्यंत सगळी गाडीवाट, दोन्ही बाजूंनी उभं पीक, आत काय आहे ते हातभर अंतरावरूनही दिसायचं नाही. वर्ग सुटायचा तेव्हा दिवस मावळतीला टेकलेला असायचा. सासूबाई म्हणाल्या, कशाला जातीस मरायला, घरी बसून वाच की. घरी बसून वाचून काय दिवे लागले होते ते मला माहीत होतं.

आणि खरं सांगायचं तर माझ्या जिवाची मला तेवढी धाकधूक नव्हती. आमचे हे करमाळ्याकडं उघड्या रानात होते. मेंढरांभोवती जाळीची वाघर लावायची आणि बाहेर घोंगडं टाकून झोपायचं, हे त्यांचं घर. बिबट्याला मेंढरू लागतं, आणि मेंढराच्या आड माणूस असतो. मी फोनवर काळजीनं काही बोलले की ते म्हणायचे, "आगं कुत्री हायती की. तू तुझं इंग्रजी बघ." म्हणजे माझी भीती ते हसण्यावारी न्यायचे आणि त्यांची स्वतःची मला सांगायचे नाहीत. फोन ठेवला की मला आणखीच भ्या वाटायचं.

वाटेनं जाताना आवाज करत जावं म्हणतात, म्हणजे जनावर बाजूला होतं. कुणी मोबाइलवर गाणी लावायचं, कुणी थाळी वाजवायचं. माझा मोबाइल साधा, आणि थाळी वाजवत जायची मला लाज. मग मी एक दिवस मोठ्यानं इंग्रजी बोलायला सुरुवात केली. आय गो टू स्कूल! आय वेंट टू स्कूल! शी कुक्स खिचडी! दोन्ही बाजूंच्या जोंधळ्याला ऐकू जाईल असं, घसा ताणून. जीव मुठीत धरून चालायचे आणि पावलागणिक वाक्य फेकायचे. माणसांपुढं जी वाचा बसायची ती जोंधळ्यापुढं फुटायची. वाक्य चुकलं का बरोबर, हे बघायला वेळच नसायचा. बिबट्या काही खिडकीबाहेर बघत थांबणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी वर्गात मॅडमनी फरशीचा तुकडा माझ्या हातात दिला आणि मी फेकला. तो कालच्या घरात पडला. मी मागं उडी मारली आणि वाटेवरच्या आवाजात ओरडले, की काल मी जोंधळ्यातून चालत गेले. पारावरची माणसं वळून बघायला लागली. मॅडमनी टाळीसाठी दोन्ही हात पुढं केले. आणि बाईऽ, वाक्य पुरं झालं होतं.

त्या हिवाळ्यात मी एका रविवारी सोनारीला भैरवनाथाच्या दर्शनाला गेले होते. तिथं वानरं फार, देवाइतकाच त्यांचाही मान. नवस बोलायचा होता, पण गाभाऱ्यापुढं उभी राहिले आणि मला सुचेना काय मागावं. मला पास कर म्हणावं, का त्यांना सुखरूप ठेव म्हणावं? एकाच नारळात दोन मागण्या कशा घालायच्या? शेवटी मागितलं आमच्या ह्यांचंच. मग बाहेर ओट्यावर बसले तर समोर वानरांचं कुटुंब, एक थोराड हुप्प्या आणि त्याच्या मागं माद्या-पिलं. म्हटलं, देवाकडं नाही मागितलं तर आपण इथं तोंडी परीक्षेची तयारी तरी करू. मी त्या हुप्प्याला इंग्रजीत माझी ओळख सांगितली. माय नेम इज कमल. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या पिशवीतलं खोबरं काढून घेतलं. परीक्षक असाच असेल तर बरं, असं मला वाटून गेलं.

आणि मग ती संध्याकाळ.

वर्ग सुटायला उशीर झाला होता. मी वाटेला लागले, माझी वाक्यं सुरू. अर्ध्या वाटेत आंब्याचं झाड आहे, तिथं आले आणि उजव्या हाताचा जोंधळा हलला. वारा नव्हता. बाकी सगळं रान गप्प आणि तेवढीच चार-दोन धाटं हलत होती, मग थांबली, मग थोडी अलीकडं हलली. एक उग्र वास आला. माझं वाक्य तोंडात तसंच राहिलं. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला त्या वेळी कळलं. ओरडावं म्हटलं तर आवाज नाही, पळावं म्हटलं तर पाय नाहीत. डोक्यात एकच, की जनावराला पाठ दाखवायची नाही. आमच्या ह्यांनी कधीतरी सांगितलेलं.

किती वेळ गेला कोण जाणे. मग माझा एक पाय आपोआप मागं गेला, आणि पाय मागं गेला म्हणून तोंडातून शब्द आला. यस्टर्डे. खरंच सांगते, मी काही ठरवलं नव्हतं. मागं पाऊल म्हणजे कालचं घर, एवढं त्या पायाला ठाऊक झालं होतं. यस्टर्डे आय कुक्ड. आणखी एक पाऊल. यस्टर्डे आय स्वेप्ट. यस्टर्डे आय वॉज अफ्रेड. जोंधळ्याकडं तोंड करून, एकेक काल सांगत, मी तशी मागं मागं शाळेपर्यंत आले. माझं तेवढं लांबलचक इंग्रजी कुणी ऐकलं असेल तर त्या जनावरानंच.

मॅडम कुलूप लावत होत्या. त्यांच्या सासऱ्यांनी मला मोटारसायकलवर घरी सोडलं. ते म्हणाले, रानडुक्कर असंल. असेल. बिबट्या होता का डुक्कर, मला आजही ठाऊक नाही. घरी गेल्या गेल्या मी करमाळ्याकडं फोन लावला तर बंद. पुन्हा लावला, बंद. जो माझ्या वाटेवर होता तोच तिकडं गेला असणार, अशी माझी वेडी समजूत झाली, जणू त्याला मी शाळेपर्यंत मागं येऊन तिकडं हाकललं होतं. सकाळी त्यांचाच फोन आला, बॅटरी उतरली होती म्हणाले, आणि कोकरू नेलं एक. ते म्हणाले, रडतीस काय, कोकराचं एवढं. कोकराचं नव्हतं ते.

तोंडी परीक्षा परंड्याच्या कॉलेजात होती. शिपायानं मला दारातच अडवलं, पालकांनी बाहेर बसायचं म्हणाला. माझ्या मागं-पुढं सगळी पोरं-पोरी, मला काकू म्हणून जागा करून देणारी. आत टेबलामागं एक सर आणि समोर एक खुर्ची. एका वाटीत चिठ्ठ्या. मी उचलली तिच्यावर लिहिलं होतं की आयुष्यात न विसरता येणारा एखादा प्रसंग सांगा. प्रसंग तर तोंडावरच होता. पण मी खुर्चीवर बसले होते, गुडघे जुळवून, आणि पाय फरशीवर थिजलेले. सरांनी एकदा बघितलं, दुसऱ्यांदा बघितलं, आणि मग ते खिडकीबाहेर बघायला लागले.

तेच. तेच थांबणं. माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. अंगणवाडीचं दार दिसलं, आणि माझ्यापुढं कुणीतरी नवी पोरगी, नि मी मागं हातात पातेलं घेऊन. मला वाटलं, आता उठून बाहेर जावं, लेकरं काय कुणीही शिकवील. उठलेही. उठून उभी राहिले तेव्हा खाली नजर गेली. मोठमोठ्या चौकोनी फरश्या होत्या.

"सर," मी मराठीतच विचारलं, "जरा पाय हलवत बोलले तर चालंल का?"

सर बुचकळ्यात पडले, पण मान हलवली. मी खुर्ची बाजूला केली, चप्पल काढली आणि एक फरशी मागं गेले. यस्टर्डे, म्हणाले, आणि पुढचं सगळं आलं. जोंधळा आला, आंब्याचं झाड आलं, हललेली धाटं आली, वास आला. जे होऊन गेलं ते मागच्या फरशीवर आणि जे अजून वाटतं ते मधल्या फरशीवर, अशी मी सरांपुढं मागं-पुढं करत राहिले. दारातून पोरं बघत होती. कुणीतरी हसलं असेल, मला ऐकू आलं नाही. टुडे आय ॲम अफ्रेड, हे मी मधल्या फरशीवर उभं राहून म्हणाले, आणि ते इतकं खरं होतं की माझा आवाज फुटला.

सरांनी खिडकीकडं बघणं कधी सोडलं ते मला कळलं नाही. त्यांनी इंग्रजीत विचारलं, पास झालात तर उद्या काय करणार? उद्याचं घर पुढं होतं, आणि पुढं सरांचं टेबल. मी तशीच उभी. त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी दोन्ही हातांनी टेबल आपल्याकडं ओढून घेतलं आणि माझ्यापुढं एक फरशी मोकळी झाली. मी तिच्यावर पाय ठेवला. टुमॉरो आय विल ओपन द डोअर, म्हणाले. अंगणवाडीला इंग्रजीत काय म्हणतात ते मला त्या वेळी आठवलं नाही.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. लेखी पेपर लिहिताना मी बाकाखाली पाय हलवत होते आणि शेजारची पोरगी वैतागली होती. इंग्रजी सुटलं. काठावर सुटलं, पण सुटलं. पावसाळ्यात मोठ्या बाईंनी किल्ली दिली, आणि ह्यांनी मेंढरं घेऊन परतल्यावर अंगणवाडीच्या दारात उभं राहून आत डोकावून बघितलं, आत यायला काही तयार झाले नाहीत. दत्ताभाऊ दुबईला गेला. पारूकाकू अजून वर्गाला येतात, नातवाशी फोनवर भांडतात म्हणे आता, इंग्रजीत.

भीती गेली का, असं मला कुणी विचारलं तर मी काय सांगू? जोंधळा पुन्हा डोक्यावर गेलाय. पलीकडच्या गावात कुणाचं तरी करडू गेल्याची बातमी परवाच आलीय. आमचे हे पुन्हा करमाळ्याकडं उघड्यावर आहेत आणि सकाळी फोन लागला नाही की माझा जीव टांगणीला लागतो. भीती आहे तिथंच आहे. फक्त तिच्यासोबत पाय उचलायचे कसे, तेवढं मला त्या सुगीनं शिकवलं, असं मी स्वतःला सांगत आले.

म्हणून आज दिवस कलला तशी उठले, व्हरांडा झाडला, रांगोळीनं तीन घरं आखली. मधलं घर वाकडं आलं. पारूकाकू आल्या, आणखी दोघी-तिघी आल्या, आणि सगळ्यांत मागं शेवंता आली. शेवंता म्हणजे आमच्या अंगणवाडीची नवी मदतनीस, माझ्या जागी लागलेली. तिचंही बारावीचं इंग्रजी राहिलंय. सकाळी खिचडी ढवळताना मीच तिला म्हणाले होते, संध्याकाळी ये म्हणून. मोठ्या बाई माझ्याशी बोलायच्या तशा आवाजात म्हणाले असेन.

तिचा नंबर आला. ती आजच्या घरात येऊन उभी राहिली आणि तिथंच थिजली. फरशीचा तुकडा मुठीत घट्ट. मी थांबले. तिनं मान खाली घातली. मी आणखी थांबले, आणि थांबता थांबता माझं लक्ष दुसरीकडं गेलं, पलीकडच्या जोंधळ्याकडं, म्हणजे मी चक्क बाहेर बघत उभी होते. ते ध्यानात आलं तशी मी झटकन वळले. तिच्याजवळ जाऊन हळूच विचारलं, की कशाची भीती वाटतीय तुला, पारावरच्या माणसांची का अंधार पडायची?

ती पदराचं टोक पिळत राहिली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुमची, बाई."

आजवर मला सगळ्या जगाचं भ्या वाटलं, पण आपलंही कुणाला वाटत असेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. रोज सकाळी ही पोरगी माझ्या मागं उभी राहते, हातात पातेलं घेऊन, आणि मी एकदाही वळून बघितलं नव्हतं. सगळे बघत होते. माझ्या तळपायांना घाम फुटला.

मी चप्पल काढली आणि तिच्या घरात गेले. घर एकाच माणसापुरतं आखलेलं, खांद्याला खांदा लागला. ती कापत होती. तिचा हात हातात घेतला तर तिला कळलं की मीही कापतेय.

"मला बी सकाळधरनं तुझीच भीती वाटतीया," मी म्हणाले.

तिनं पहिल्यांदा वर बघितलं. मग आम्ही दोघींनी मिळून पाय मागं टाकला, कालच्या घरात.